आवाज न करणारं चाक

तानबाजींनी पाचवा माउस उचलला, उलटा करून त्याचं पोट पाहिलं, सुलटा केला आणि चाकावर बोट ठेवून तो कानाला लावला.

दुकानातली रक्षा नावाची मुलगी काउंटरपलीकडे हात बांधून उभी होती. आधीचे चार माउस असेच कानापर्यंत जाऊन परत आले होते. नारळ हलवून पाणी ऐकणारी माणसं तिला माहीत होती, पण माउस ऐकणारं गिऱ्हाईक वर्धेच्या त्या दुकानात पहिल्यांदाच चढलं असावं. तरी ती हसली नाही. समोरच्या माणसाचे केस पांढरे होते आणि शर्टाच्या खिशाला दोन पेनं होती, एक निळं, एक लाल.

“याचाबी येते,” तानबाजी म्हणाले आणि माउस काचेवर ठेवला.

“काय येते काका?”

“आवाज.”

“थोडा तर येणारच ना काका. चाकाला आतून खाचा असतात. एक खाच सरकली की टिक होते. त्यानंच तर समजते किती सरकलं ते.”

“ते मले मालूम हाय. पन आवाज नाई पाह्यजे. चाक पयाले नाई पाह्यजे. एक ओळ म्हनली का एकच ओळ सरकली पाह्यजे.” मग त्यांनी उजवा हात पुढे करून अंगठ्याचं मूळ दाबून दाखवलं. “अन् हे दुखाले नाई पाह्यजे. तुमचे हे बारके बारके माउस धरले का इथं कळ येते. पाचशे, सहाशे. त्याच्यावर नाई.”

“वायरवाला की वायरलेस?”

“कोनतंबी.”

“डीपीआय किती पाहिजे?”

तानबाजींनी प्रेरणाकडे पाहिलं. प्रेरणानं मान हलवली, म्हणजे तिलाही माहीत नव्हतं.

प्रेरणा त्यांची नात. ती बाजूच्या स्टुलावर बॅग मांडीवर घेऊन बसली होती आणि खरं सांगायचं तर तिला रडू येत होतं. बारावीनंतर तिला सेवाग्रामला नर्सिंगची जागा लागली होती. जागा राखीव होती, म्हणून नुसता जातीचा दाखला पुरत नव्हता, त्याची वैधता लागत होती. आणि वैधतेच्या समितीनं कळवलं होतं की १९५० च्या आधीचा, रक्ताच्या माणसाचा, ज्यावर ‘गोंड’ लिहिलेलं आहे असा एक कागद आणा. कोणताही एक. त्याला आता आठच दिवस राहिले होते. आठ दिवसांत कागद गेला नाही तर जागा दुसऱ्या कोणाची. आणि अशा वेळी तिचे आबाजी आर्वीहून एसटीनं वर्धेला येऊन माउस ऐकत बसले होते.

बरं, कागद कुठे शोधायचा हे माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. गावचं जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं याची कोतवालानं दिलेली खबर ज्यात उतरवली जायची ते रजिस्टर, स्कॅन झालेलं होतं. रेकॉर्ड रूममधल्या एका भल्या माणसानं ती तीनशे चाळीस पानांची फाइल पेन ड्राइव्हमध्ये टाकून दिली होती. तुमच्या घरचं नाव कोणत्या पानावर आहे ते शोधा, पानाचा नंबर अन् ओळ सांगा, चार दिवसांत शिक्क्याची नक्कल देतो, असं तो म्हणाला होता. तीन आठवडे झाले त्याला.

शोधायचं काम आबाजींनी स्वतःकडे घेतलं. ते अक्षर दुसऱ्या कोणाला लागत नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. आर्वी डेपोत तेहतीस वर्षं कंडक्टर राहिलेला माणूस. कंट्रोलरचं अक्षर ज्यानं वाचलं त्याला कोतवाल बुक काय जड जाणार. रोज दुपारी जेवण झालं की ते प्रेरणाच्या आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायचे, चष्मा लावायचे, आणि एक एक ओळ वर सरकवत जायचे. त्यांना ‘भाऊजी’ पाहिजे होता. भाऊजी म्हणजे त्यांचे वडील, जन्म अंदाजे अडतीस सालचा.

पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळी फाइल पाहून काढली. नाही सापडलं. मग म्हणाले, माउसचं चाक उडी मारते, मधली पानं सुटतात. आर्वीत डेपोसमोरच्या दुकानातून दुसरा माउस आणला. पुन्हा सगळी फाइल. नाही सापडलं. त्याचंही चाक उडी मारायचं म्हणे. तिसरा आणला, तोही तसाच. प्रेरणा त्याच तिन्ही माउसांवर अभ्यासाचे व्हिडिओ पाहत होती, फॉर्म भरत होती, तिच्या हाताखाली एकाही चाकानं उडी मारली नव्हती. तिनं तसं एकदा सांगून पाहिलं.

“तुहा हात हलका हाय,” आबाजी म्हणाले.

आणि चौथ्या माउससाठी वर्धेला जायचं ठरलं.

“तुम्ही जुना आणला आहे का काका?” रक्षानं विचारलं. “काय होते ते पाहून घेऊ.”

आणला होता. तानबाजींनी पिशवीतून तिसरा माउस काढला. वायर नीट गुंडाळून वर रबर लावलेलं होतं. रक्षानं तो दुकानाच्या कॉम्प्युटरला लावला, कुठलं तरी लांबलचक पान उघडलं आणि चाक फिरवलं. टिक, टिक, टिक. ओळी एका मापानं वर गेल्या. तिनं उलटं फिरवलं. त्याच मापानं खाली आल्या.

“हा तर चांगला आहे काका.”

“इथं चांगला चालते,” तानबाजी म्हणाले. “घरी उडी मारते.”

रक्षानं प्रेरणाकडे पाहिलं. प्रेरणानं खाली बॅगकडे पाहिलं. आता या मुलीला वाटत असेल की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे, आणि तिला तसं वाटू नये असं प्रेरणाला फार वाटलं. पण तसं नाही हे सांगायला तिच्याकडेही काही नव्हतं. ज्या माणसानं अर्धं आयुष्य तिकिटाचा चिमटा वाजवत गाडीभर टिकटिक केली, ज्याला तिकिटाचं मशीन हातात आल्यावर त्या आवाजाशिवाय करमेना असं आजी सांगायची, त्याला आज टिक नको होती. आणि आवाजाचा नि पानं सुटण्याचा काय संबंध, हे तर तिला अजिबातच कळत नव्हतं.

“आवाज काऊन नाई पाह्यजे आबाजी?” तिनं हळू विचारलं.

“आत्याले झोप येत नाई.”

आत्या म्हणजे रुखमाबाई, तानबाजींच्या वडिलांची धाकटी बहीण. ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांची. नवरा गेल्यापासून यांच्याकडेच. डोळ्यांनी आता दिवस आणि सावली एवढंच दिसायचं. कॉम्प्युटर होता त्याच खोलीत खिडकीशी तिची खाट होती. पण रुखमाआजीला दुपारी झोप येत नाही ही गोष्ट प्रेरणा आज पहिल्यांदा ऐकत होती.

रक्षा आत जाऊन दोन खोकी घेऊन आली. “हा पाहा. याच्या चाकाचा आवाज नाही, बटणाचाही नाही. अन् आकार मोठा आहे, अंगठा टेकायला जागा दिली आहे. साडेसहाशेचा आहे, सहाशे घेईन.”

तानबाजींनी हात ठेवला. तळहात पूर्ण बसला, अंगठा आपल्या जागेवर गेला. त्यांनी चाक फिरवलं, कानाजवळ नेलं, पुन्हा फिरवलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

“चालवून पाहाचा हाय,” ते म्हणाले. “माह्या फाइलवर.”

त्यांनी आतल्या खिशातून पेन ड्राइव्ह काढून दिला. तिकीट तपासणाऱ्या साहेबासमोर वेबिल ठेवावं तसा दोन बोटांनी पुढे केला. रक्षानं फाइल उघडली. दुकानाचा पडदा मोठा होता, घरच्यापेक्षा दुप्पट, आणि त्यावर ते पिवळं पान असं उघडलं की प्रेरणा स्टुलावरून उठून जवळ आली. घरी तिला ते अक्षर म्हणजे नुसती वळवळ वाटायची. इथे तिला शब्द दिसू लागले. मुलगा. मुलगी. मुलगा. बऱ्याच ठिकाणी लेकराचं नावच नव्हतं, नुसतं बापाचं नाव आणि पुढे मुलगा किंवा मुलगी. शेवटच्या रकान्यात मरणाचं कारण. ताप. हगवण. माता, म्हणजे देवी. ताप. साप. ताप.

“आबाजी, मले वाचता येऊन राह्यलं,” ती म्हणाली.

तानबाजी पडद्याकडे पाहत नव्हते, रक्षाच्या बोटाकडे पाहत होते. रक्षा चाक मस्त फिरवत होती. पानं वर जात होती. साठ. ऐंशी. सत्त्याण्णव.

“अन् इथं तर बापाचंच नाव हाय,” प्रेरणा म्हणाली. “तुमी भाऊजी भाऊजी करून राह्यले, पन लेकराचं नाव लिहलंच नसन तं? मंग बापाचं पाहा लागन ना. लखमाचं.”

लखमा म्हणजे भाऊजीचे वडील, तानबाजींचे आजोबा.

एकशे चार. एकशे सात.

“राहू द्या,” तानबाजी म्हणाले आणि त्यांनी वाकून पेन ड्राइव्ह ओढून काढला. पडदा क्षणभर गोठला आणि मग फाइल सापडत नाही असं काहीतरी त्यावर आलं.

“काका, असं नसते काढायचं. आधी बंद करा लागते. फाइल खराब होईल ना.”

“समजलं मले. चांगलं हाय चाक. बांधून द्या.”

त्यांनी सहाशे रुपये दिले, पावती मागून घेतली आणि तिच्या मागे निळ्या पेनानं तारीख लिहिली. प्रेरणा मोठ्या पडद्याकडे पाहत उभी होती. आणखी पाच मिनिटं चालवलं असतं तर काय बिघडत होतं, असा प्रश्न तिच्या तोंडापर्यंत आला आणि दुकानात नको म्हणून तिनं तो गिळला.

परतीच्या गाडीत त्यांना दाराजवळचं बाक मिळालं. तानबाजी कंडक्टरच्या सीटकडे पाहत नव्हते, हे नवल होतं. नाहीतर दर गाडीत ते नव्या कंडक्टरच्या चुका मोजायचे. माउसचं खोकं त्यांनी मांडीवर धरलं होतं. बाहेर सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, मध्येच कपाशीचं हिरवं वावर यायचं.

“आबाजी, एक इचारू?”

“इचार.”

“समितीवाली बाई फोनवर म्हने, जन्म-मृत्यू कोनतंबी चालते. लखमाआजाचं नाव अन् जात दिसली म्हनजे झालं. मंग तुमी भाऊजीआजाचं जन्माचंच काऊन शोधून राह्यले?”

“जन्माचं चांगलं असते.”

“पन दुसरं काई असन तं तेबी चांगलंच ना? आठच दिवस हाय.”

“भेटते. आता चाक चांगलं हाय.”

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. प्रेरणाला राग आला, खरा राग. या माणसानं तिच्यासाठी काय नाही केलं? दहावीला तिच्या परीक्षेच्या प्रत्येक पेपरला हा माणूस केंद्राबाहेर झाडाखाली बसून राहिला होता. मुलाला, म्हणजे तिच्या वडिलांना, हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवावा लागला, शिकता आलं नाही, त्याची भरपाई नातीत करायची असं घरात सगळ्यांना सांगत आला होता. आणि आता ऐन वेळी तोच पाय ओढत होता. का, हे विचारलं तर खिडकी. तिनं पुढचा सगळा रस्ता मोबाइलमध्ये डोकं घातलं, पण वाचलं काहीच नाही.

घरी पोचल्यावर रुखमाबाईंनी खाटेवरून विचारलं, “भेटला काय रे तुहा उंदीर?”

“भेटला आत्या.”

“चाक पयत नाई ना त्याचं?”

“नाई.”

“बरं झालं,” रुखमाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तानबाजी कॉम्प्युटरसमोर बसायला आले तेव्हा खुर्चीत प्रेरणा बसलेली होती. तिनं माउस जोडला होता, फाइल उघडली होती, वही आणि पेन्सिल बाजूला ठेवली होती. आई अंगणवाडीत गेली होती. घरात तिघंच.

“ऊठ,” तानबाजी म्हणाले.

“आज मी पाह्यते.”

“तुले ते अक्षर लागत नाई.”

“काल लागलं. अडलं तं तुमाले इचारते. तुमचा अंगठा दुखते ना, तुमी बसा.”

तानबाजी उभे राहिले. मग त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि तिच्या उजव्या बाजूला बसले, अगदी हाताला हात लागेल इतके जवळ. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. प्रेरणा आणखी गोंधळली, पण उठली नाही.

तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एक तर अक्षर लावताना तोंडानं वाचलं की तिला बरं पडायचं, दुसरं म्हणजे रुखमाआजीला तेवढाच विरंगुळा. नवं चाक खरोखर चांगलं होतं. बोट हललं की एक ओळ, पुन्हा हललं की एक ओळ, आवाज म्हणून नाही. ‘चिंधू, वय साठ, ताप.’ ‘मुलगा, बाप गणू.’ ‘मुलगी, बाप सोमा, वय चार महिने, माता.’ अडलेला शब्द तानबाजी सांगत होते. मध्येच रुखमाबाई म्हणायच्या, हा चिंधू म्हणजे नदीकाठचा, त्याच्या घरी मोठी बाभूळ होती म्हणे. पान पन्नास झालं. पान नव्वद. अडतीस साल येऊन गेलं, त्यात लखमाच्या घरच्या जन्माची ओळ नव्हती. पण अडतीसची दोन पानं पाण्यानं पुसलेली होती, त्यांवर शाईचे नुसते ढग होते. ती ओळ असलीच तर त्या ढगात गेली होती. तानबाजींना हे तीन आठवड्यांपासून माहीत असणार, हे प्रेरणाच्या तेव्हा लक्षात आलं. मग ते काय शोधत होते?

ती वाचत राहिली. एकशे चार. एकशे सात. तानबाजी खुर्चीवरून अर्धे उठले.

“थकली अशीन,” ते म्हणाले. “चहा घेऊ.”

“हे एवढं पाहून घेते.”

एकशे दहा. एकशे अकरा. पुढच्या पानावर साल एकोणीसशे सेहेचाळीस होतं. अर्ध्या पानाखाली तिची नजर आपोआप एका शब्दावर गेली. हा शब्द सकाळपासून तिनं कागदावर दहा वेळा लिहून, जुन्या वळणानं कसा दिसेल ते पाहून ठेवलं होतं.

“लखमा,” ती म्हणाली. “आबाजी, लखमा. नवरा लखमा. जात गोंड. हे पाहा, चक्क लिहलं हाय, गोंड.”

तिनं बोट पडद्यावर टेकवलं. भेटलं होतं. सेवाग्राम, पांढरा गणवेश, वसतिगृहाची खोली, सगळं एका ओळीत भेटलं होतं. ती हसत हसत त्याच ओळीवरून पुढे गेली, वय, तारीख, आणि शेवटच्या रकान्यापाशी येऊन थांबली. तिथे ताप नव्हतं. हगवण नव्हतं. ‘विहिरीत जीव दिला’ असं लिहिलं होतं, बाकीच्या ओळींइतक्याच सावकाश, नीट अक्षरात.

“पुढं घे,” तानबाजी म्हणाले. फार हळू म्हणाले, खाटेपर्यंत जाणार नाही असं.

प्रेरणानं त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत नव्हते. आपल्या अंगठ्याकडे पाहत होते. तिला एकदम सगळं कळलं आणि आपल्याला कळू नये असंही वाटलं. लखमाची बायको, म्हणजे रुखमाआजीची आई, तापानं गेली, असं या घरात सगळे सांगत. त्या वर्षी लय पाऊस होता, घरोघरी ताप होता, असं रुखमाआजी स्वतः सांगायची. आणि हा कागद समितीत गेला की चौकशीवाले घरी येतात. ते म्हाताऱ्या माणसांना समोर बसवून विचारतात, कूळ कोणतं, त्याचे देव किती, कोण कधी गेलं, कशानं गेलं. घरात म्हातारं माणूस एकच होतं.

तिचं बोट चाकावर होतं. तिनं ते हलवलं नाही.

“काऊन थांबली वं?” खाटेवरून रुखमाबाईंनी विचारलं.

प्रेरणानं वळून खाटेकडे पाहिलं.

“तानबा.”

“हो आत्या.”

“आज चाक पयालं नाई तुहं.”

“नवीन हाय आत्या. चांगलं हाय हे.”

“जुनंबी चांगलंच होतं,” रुखमाबाई म्हणाल्या. त्या खाटेवर उठून बसल्या, पदर डोक्यावर घेतला. “तीन हप्ते झाले, मी ऐकूनच राह्यली ना. टिक टिक टिक, बराबर चाले. मंग एका जाग्यावर थांबे. लय वेळ थांबे. मले वाटे, झोपला काय हा. अन् मंग खर्रकन पये. दर खेपेले एकाच जाग्यावर. चाकाले काय मालूम बाप्पा, कोठं पयाचं ते.”

तानबाजींनी चष्मा काढला.

“विहिरीचं लिहलं असन,” रुखमाबाई म्हणाल्या.

प्रेरणाला वाटलं आपण उठून जावं, पण तिनं माउस सोडला नाही.

“कोनं सांगतलं तुले?” तानबाजींनी विचारलं. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

“कोनं सांगाले पाह्यजे? मी होती ना तिथं. चार वर्साची अशीन. मले म्हने, घागर धरून बस, इकडंतिकडं जाऊ नोको. मी बसली धरून. सांजच्याले तुहा बाप म्हने, मायले ताप आलता. लय ताप आलता म्हने. आठ वर्साचा होता तो. मी म्हनलं, बरं.”

“आत्या, चौकशीवाले घरी येतात. तुले समोर बसवतीन. इचारतीन.”

“इचारतीन तं सांगीन. तुहा बाप होता तवापर्यंत नाई बोलली. त्याले वाईट वाटलं असतं. आता कोनासाठी?” मग त्यांनी मान आवाजाच्या दिशेनं फिरवली. “पोरीची जागा घालवत होता काय रे माह्यापायी?”

तानबाजींनी चष्म्याच्या काचा शर्टाला पुसल्या, पुन्हा पुसल्या. प्रेरणानं वही ओढली. तिला कालचा बसमधला राग आठवला आणि त्याची लाज वाटली, आणि तरी थोडा राग उरलाच होता, दोन्ही एकदम. तिला पडद्यावरचा नंबर दिसत नव्हता, डोळे भरून आले होते.

“पान किती आबाजी?”

“एकशे बारा,” तानबाजी म्हणाले. त्यांचा चष्मा हातातच होता आणि तोंड दाराकडे होतं. “खालून तिसरी ओळ.”

तिनं लिहून घेतलं. पेन्सिलीचं टोक कागदात रुतलं.

“वं पोरी,” रुखमाबाई म्हणाल्या. “तिथं नाव लिहलं हाय काय तिचं?”

“कोनाचं आजी?”

“माह्या मायचं. आमी माय म्हनो. मंग बापानं कधी नाव घेतलं नाई, भावानंबी नाई. कोनाले इचारू? मले मालूमच नाई.”

प्रेरणानं डोळे पुसले आणि पडद्याजवळ वाकली. लखमाच्या आधीचा रकाना तिनं घाईत वाचलाच नव्हता. दोनच अक्षरं होती.

“मैनी,” ती म्हणाली.

रुखमाबाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही. मग त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले आणि त्या नीट सरळ बसल्या.

“आता सगळं वाच,” त्या म्हणाल्या. “पयल्यापासून.”

प्रेरणानं वाचलं. तारीख, मैनी, नवरा लखमा, गोंड, वय सव्वीस, आणि शेवटचा रकाना. तिचं वाचून होईपर्यंत तानबाजींनी हात पुढे करून चाकावर बोट ठेवलं होतं, आणि ते त्यांनी हलू दिलं नाही.